कॅमेरा बनवणाऱ्यांनी एकदा मांडवात यावे

लग्नपत्रिकेवर मुहूर्त मिनिटासकट छापलेला असतो. तिथे सकाळी ११ वाजून ४७ मिनिटे असे लिहिले असेल, तर गुरुजींची नजर घड्याळावर असते, मंगलाष्टका त्या बेताने लांबवल्या किंवा आवरत्या घेतल्या जातात, ‘तदेव लग्नं’ सुरू होते आणि अंतरपाट बाजूला होतो. वधूवर एकमेकांकडे पाहतात, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते. ते पाहणे दोन-तीन सेकंदांचे असते. घरच्यांना मात्र ते पुढे जन्मभर पाहायचे असते, आणि त्यासाठी जे माणूस कॅमेरा घेऊन तिथे उभे असते त्याला ‘पुन्हा एकदा करा’ असे म्हणता येत नाही.

पुण्यात लग्ने, नाटके, गाण्याच्या मैफली आणि सणांच्या मिरवणुका टिपणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे. नवा कॅमेरा बाजारात येतो तेव्हा त्याच्याविषयी जे सांगितले जाते ते मी मनापासून वाचते, कारण या यंत्रांवर माझे प्रेम आहे. पण मेगापिक्सेल किती, सेकंदाला चित्रे किती, व्हिडिओ किती रुंदीचा, या साऱ्या वर्णनात त्या कॅमेऱ्याचा सर्वांत चांगला दिवस असतो. काम करणाऱ्याला त्याचा सर्वांत वाईट दिवस कसा जाईल हे जाणून घ्यायचे असते. मे महिन्यातले उघड्यावरचे लग्न, पावसातली पालखी, एलईडीच्या भिंतीपुढचा स्वागत समारंभ, भंडाऱ्यात माखलेली जेजुरी, अशा ठिकाणी हे यंत्र शब्दाला जागेल का, एवढाच आमचा प्रश्न असतो. मेगापिक्सेलची भूक तर कधीच भागली आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या अल्बमचे १२ बाय १८ इंचांचे पान ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायला साडेएकोणीस दशलक्ष पिक्सेलही लागत नाहीत, आणि २४ मेगापिक्सेलचे कॅमेरे आता मधल्या किमतीत सर्रास मिळतात.

सर्वांत मोठे दुखणे प्रकाशाचे आहे, म्हणून ते आधी आणि सविस्तर लिहिते.

पूर्वी कार्यालयांत हॅलोजनचे दिवे असत. त्यांच्या उष्णतेने मंडळी घामाघूम होत, पण वीज कमी-जास्त झाली तरी तापलेली तार लगेच थंड होत नसल्यामुळे उजेड स्थिर राही. आज म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रस्त्यावरच्या कोणत्याही लॉनवर गेलात तर स्टेजच्या मागे एलईडीची भिंत, बाजूला रंगीत एलईडी दिवे आणि वर झगमगणाऱ्या माळा असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे साधा, स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद आणि तेज होतो. स्टेजवरचे दिवे आणि ती भिंत यांची उघडझाप तर त्याहून कितीतरी वेगाने चालते, कारण त्यांची तीव्रता त्या उघडझापीनेच कमी-अधिक केली जाते. डोळ्यांना यातले काही जाणवत नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी आतली चकती, मात्र चित्र एका क्षणात वाचत नाही, तो ओळीओळीने वरून खाली वाचतो, आणि तेवढ्या अवधीत दिवा चार वेळा मिटला तर चित्रावर तितके पट्टे उमटतात. नवरीच्या कपाळावर एक काळपट पट्टा, गळ्यावर दुसरा आणि पैठणीच्या काठावर तिसरा. हे पट्टे नंतर संगणकावर पुसून काढणे फार जिकिरीचे असते, आणि चेहऱ्यावरचे पुसले तरी त्वचा जिवंत राहत नाही.

यांत्रिक शटरचा पडदा सेकंदाच्या सुमारे अडीचशेव्या भागात चित्रावरून सरकतो, त्यामुळे तिथे हा त्रास पुष्कळ कमी. बिनआवाजाच्या इलेक्ट्रॉनिक शटरला, साध्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात, त्याच कामाला विसावा-तिसावा भाग लागतो. आता हा फरक घेऊन सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात येऊन बसावे. १९५३ पासून चालत आलेल्या या महोत्सवात हजारो माणसे एखाद्या आलापाच्या वेळी अशी शांत असतात, की पुढच्या रांगेतला शटरचा खटका हा सरळ सरळ अपराध ठरतो. आरसा असलेल्या कॅमेऱ्यांच्या काळात आम्ही तबला चढण्याची किंवा टाळ्या पडण्याची वाट पाहायचो, आणि आलापात मिटलेले गायकाचे डोळे तसेच सोडून द्यायचो. बिनआवाजाचे शटर आले तेव्हा ही चित्रे प्रथमच हाती लागण्याजोगी झाली, आणि त्याबद्दल मी कॅमेरा बनवणाऱ्यांची खरोखर ऋणी आहे. पण तोवर रंगमंचावरचे दिवेही एलईडीचे झाले होते. म्हणजे गायकाची समाधी मोडायची नसेल तर चित्रावर पट्टे पत्करायचे, आणि चित्र स्वच्छ हवे असेल तर आवाज करायचा, अशी निवड आमच्यापुढे येते. ढोल-ताशा पथकात आवाजाची अडचण नाही, तिथे वेगाची आहे. इलेक्ट्रॉनिक शटरवर वेगात फिरणारे टिपरू चित्रात धनुष्यासारखे वाकते, कारण सेन्सर खालच्या ओळी वाचेपर्यंत टिपरू पुढे सरकलेले असते.

यावर उपाय निघाले आहेत, आणि ते काम करणाऱ्यांच्या तक्रारींतूनच निघाले. २०१४ मध्ये कॅननच्या सेव्हन-डी मार्क टूमध्ये दिव्याची उघडझाप ओळखून तो तेज असतानाच शटर सोडण्याची सोय आली. २०१७ मध्ये सोनीच्या ए-नाइनमधल्या स्टॅक्ड, म्हणजे थरांवर थर रचलेल्या, सेन्सरने वाचनाचा वेग कित्येक पटींनी वाढवला, २०२१ मध्ये निकॉनने झेड-नाइनमधून यांत्रिक शटर काढूनच टाकले, आणि २०२३ च्या अखेरीस जाहीर झालेल्या सोनीच्या ए-नाइन थ्रीमध्ये संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपणारा ग्लोबल शटरचा सेन्सर आला. त्या सेन्सरची किमान संवेदनशीलता आयएसओ २५० पासून सुरू होते, म्हणजे त्याचीही काही किंमत मोजावी लागते, आणि बॉडीची, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची, किंमत तर अमेरिकेतच ६,००० डॉलरच्या घरात होती. लग्नाच्या हंगामावर वर्षाचे घर चालवणाऱ्या माणसाला ती परवडत नाही. म्हणून माझे मागणे दोन पदरी आहे. वेगाने वाचणारा सेन्सर मधल्या किमतीच्या बॉडीत आधी आणावा, पिक्सेल वाढवण्याच्या आधी. आणि तो येईपर्यंत निदान एवढे करावे, की पट्टा पडतो आहे हे कॅमेऱ्याने स्वतः ओळखून व्ह्यूफाइंडरमध्ये तिथल्या तिथे सांगावे व शटरचा वेग स्वतःच किंचित सरकवून घ्यावा. शटरचा वेग बारीक पायऱ्यांनी बदलण्याची सोय काही कॅमेऱ्यांत आहे, पण ती मेनूच्या तळाशी असते आणि मुहूर्ताला चार मिनिटे उरलेली असताना कोणी तिथवर पोहोचत नाही.

रंगांचे दुखणे याच्या खालोखाल. आपले समारंभ रंगांनी गच्च भरलेले असतात. हळदीच्या दिवशी मुलगी पिवळी, तिच्या मागचा झेंडूचा पडदा केशरी, अंगणातल्या मांडवाचे कापड पिवळे, आणि त्यातून गाळून आलेले ऊनही पिवळेच. कॅमेऱ्याची आपोआप चालणारी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंग सावरण्याची सोय, या सगळ्याला दिव्याचा दोष समजते आणि ती पिवळाई काढून टाकण्याच्या खटपटीत चेहरे निळसर करते. हळद ही प्रकाशाची चूक नसून त्वचेवर लावलेली वस्तू आहे, एवढे यंत्राला शिकवणे आज अशक्य नाही; जे यंत्र उडत्या पक्ष्याचा डोळा शोधते त्याला हळदीचे अंग ओळखता यावे. कोडॅकने विसाव्या शतकाच्या मध्यावर रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना ‘शर्ली कार्ड’ नावाची नमुनाचित्रे दिली, त्यांवर दीर्घकाळ गोरी स्त्रीच होती, आणि सावळ्या त्वचेचे रंग बिघडण्यामागे ते एक कारण होते, हे आता सर्वज्ञात आहे. नमुना म्हणून कोणाला समोर बसवले जाते त्यावर यंत्राची नजर ठरते. त्या नमुन्यांत हळद लावलेली मुलगी, गुलालात न्हालेला ढोलवादक आणि बुक्का लावलेला वारकरी असावा, अशी माझी इच्छा आहे.

लाल रंगाचे प्रकरण तांत्रिक आहे, पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर गुलाल उधळला जातो, त्यावर दुपारचे ऊन पडते, आणि सेन्सरचा लाल भाग इतर दोन भागांच्या खूप आधी काठोकाठ भरतो. भरून वाहिला की गुलालाची बारीक रवाळ पोत जाते आणि उरतो एक सपाट, प्लॅस्टिकसारखा डाग. हे टाळण्यासाठी आम्ही हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख, पाहतो. पण बहुतेक कॅमेऱ्यांचा हिस्टोग्राम रॉ फाइलचा, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या चित्राचा, नसतो, तिच्यापासून पडद्यासाठी बनवलेल्या जेपेगचा असतो, आणि त्या जेपेगवर व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट व रंगांची शैली यांचे संस्कार आधीच होऊन गेलेले असतात. त्यामुळे लाल भरला असे तो सांगतो तेव्हा रॉमध्ये जागा शिल्लक असते, किंवा उलटेही होते. आम्ही अंदाजाने थोडे काळोखे चित्र घेतो आणि नंतर सावल्या उजळताना त्यांतली खरखर सोसतो. रॉ फाइलचा खरा हिस्टोग्राम दाखवा, ही मागणी जगभरचे छायाचित्रकार कित्येक वर्षे करत आले आहेत. ती अशक्य म्हणावी तर ‘मॅजिक लँटर्न’ नावाचे फुकट सॉफ्टवेअर हौशी प्रोग्रामरांनी कॅननच्या जुन्या डीएसएलआरसाठी, म्हणजे आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसाठी, लिहिले आणि त्यात हा हिस्टोग्राम करून दाखवला. बाहेरच्या माणसांना जे जमले ते कॅमेरा बनवणाऱ्यांना का जमू नये, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

डोळ्यावर आपोआप फोकस धरण्याच्या कलेने आमचे आयुष्य बदलले, यात शंका नाही. तरीही मुंडावळ्या बांधल्या की तिची परीक्षा सुरू होते. मोत्यांच्या सरी कपाळावरून कानशिलांवर लोंबतात, मान हलली की डोळ्यांसमोर येतात, आणि फोकस डोळा सोडून मोत्यांवर जाऊन बसतो. अंतरपाटाचेही तसेच आहे. कापड जवळ असते, चेहरा मागे असतो, आणि कापड खाली आल्याच्या त्या क्षणी फोकसने चेहऱ्यावर झेप घ्यायला हवी, तेव्हा मध्ये अक्षता उडत असतात. नोंदवून ठेवलेल्या चेहऱ्यांना प्राधान्य देण्याची सोय काही कॅमेऱ्यांत आली आहे. ती सर्वांत यावी आणि नोंद करणे सोपे व्हावे, म्हणजे सकाळी वधूवरांचे चेहरे नोंदवले की दिवसभर गर्दीतून यंत्राने त्यांनाच शोधावे.

आता हवामान. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस असे दिलेले असते. पुण्याचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीला टेकतो आणि कधी ओलांडतोही, आणि हे झाले सावलीतले मोजमाप. काळ्या रंगाची बॉडी उन्हात तासभर धरली की तिच्या अंगाचे तापमान त्याच्या कितीतरी पुढे जाते. लग्नाचे दाट मुहूर्त नेमके याच दिवसांत असतात. म्हणजे आमच्या कामाच्या ऐन हंगामात आम्ही पुस्तिकेने आखून दिलेल्या सीमेच्या पलीकडे उभे असतो. व्हिडिओ घेताना कॅमेरा तापून बंद पडण्याची चर्चा २०२० नंतर पुष्कळ झाली आणि काही बॉडींमध्ये पंखेही आले, ते चांगलेच झाले. पण यंत्र बंद पडण्याआधी किती वेळ उरला आहे हे मिनिटांत सांगितले, तर निदान दुसरी बॉडी हाती घेता येते. लाल तापमापकाची खूण दाखवून तीस सेकंदांत झोपी जाणे हे सप्तपदीच्या वेळी चालत नाही.

पावसाची गोष्ट याहून अवघड आहे. आषाढ लागण्याच्या सुमारास ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात, मुक्काम करतात, आणि ज्ञानोबांची पालखी दिवे घाटाने सासवडकडे निघते. त्या घाटात पाऊस, धुके, चिखल आणि लाखोंची गर्दी एकत्र असते. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत ‘धूळ आणि ओलाव्यापासून संरक्षण’ असे शब्द असतात, पण तेवढ्यावरून काय समजावे? किती पाऊस, किती वेळ, कोणती लेन्स लावलेली असताना? हातातल्या मोबाइलला धूळ-पाणी किती रोखले जाते ते सांगणारा आयपी ६८ असा स्पष्ट दर्जा असतो आणि त्याचा अर्थ आंतरराष्ट्रीय मानकात लिहिलेला असतो. कॅमेऱ्यांत असा दर्जा जाहीर करणारे थोडेच आहेत. लायकाच्या एसएल टूला आयपी ५४ आणि ओएम सिस्टिमच्या ओएम-वनला आयपी ५३ असा दर्जा दिलेला आहे, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यालाही तो देता येतो हे सिद्ध आहे. बाकीच्यांनीही मोघम शब्द सोडून आकडा सांगावा. आकडा लहान असला तरी चालेल. तो खरा असला की आम्ही त्याप्रमाणे प्लॅस्टिकचे आवरण घेऊ.

जेजुरीला जाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. सोमवती अमावास्येला गडावर भंडारा उधळला जातो तेव्हा हवाच पिवळी होते, आणि ती भुकटी झूम लेन्सच्या सरकत्या नळीतून थेट आत शिरते. लेन्स बदलणे तिथे शक्यच नसते. आरसा नसलेल्या बहुतेक कॅमेऱ्यांत लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. कॅननच्या ईओएस आरमध्ये २०१८ सालीच कॅमेरा बंद केल्यावर शटरचा पडदा सेन्सरपुढे येण्याची व्यवस्था होती. एवढी साधी गोष्ट प्रत्येक बॉडीत असायला हवी.

कार्ड आणि बॅटरी यांविषयी थोडक्यात. २०१८ मध्ये कॅनन व निकॉनने नवे मिररलेस, म्हणजे आरसा नसलेले, कॅमेरे आणले तेव्हा ईओएस आर, झेड-सिक्स आणि झेड-सेव्हन या तिन्हींत कार्डाची एकच जागा होती. दुसऱ्याच्या घरचे कार्य एका कार्डाच्या भरवशावर टिपणे कोणालाही मान्य होण्यासारखे नव्हते. ओरड झाली, आणि २०२० च्या पुढच्या पिढीत दोन जागा आल्या. म्हणजे ऐकले जाते. बॅटरीबाबतही एक चांगली गोष्ट नोंदवायला हवी, की निकॉनने २०१० मध्ये आणलेल्या ईएन-ईएल फिफ्टीनचा आकार पुढच्या आवृत्त्यांतही कायम ठेवला, त्यामुळे जुन्या बॅटऱ्या एका दिवसात निकामी झाल्या नाहीत. मात्र डी-एटफिफ्टीला एका बॅटरीत प्रमाणित चाचणीने १,८४० चित्रांचा आकडा मिळत होता आणि त्याच बॅटरीच्या वंशातली बॅटरी घालून पहिल्या झेड-सेव्हनला ३३० चा, हे अंतर कमी करण्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून कॅमेऱ्यांनाही यूएसबी-सी सक्तीचे केले ते योग्यच झाले.

बटणांविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण यात खर्च काही नसून फक्त आस्था लागते. सरावाच्या गृहिणीचा हात मिसळणाच्या डब्यातल्या हळदीच्या वाटीकडे न पाहता जातो, तसा आमचा अंगठा फोकसच्या बटणाकडे जातो, आणि नव्या मॉडेलमध्ये ते बटण अर्धा सेंटिमीटर सरकलेले असते. चालू-बंदची कळ उजवीकडची डावीकडे जाते, चित्र मोठे करून पाहण्याचे बटण नाहीसे होते, आयएसओचे बटण व्हिडिओच्या बटणाशी जागा बदलते. दोन बॉडी गळ्यात अडकवून काम करणाऱ्याच्या एका हातात जुने मॉडेल आणि दुसऱ्या हातात नवे असते, तेव्हा हा बदल सारा दिवस टोचत राहतो. बटणांच्या कामांची अदलाबदल करता येते आणि ती मांडणी कार्डावर साठवताही येते, पण एका मॉडेलची फाइल दुसरे मॉडेल वाचत नाही. एकाच घराण्याच्या कॅमेऱ्यांनी एकमेकांची मांडणी वाचावी, हे मागणे फार मोठे आहे असे मला वाटत नाही. शिवाय पकडीचा आकार मोठ्या पंजाच्या पुरुषाला धरून ठरवलेला दिसतो. या व्यवसायात मुली मोठ्या संख्येने आल्या आहेत. नवरीच्या खोलीत सकाळपासून वावरणारी, नंतर रात्रीपर्यंत दोन कॅमेरे वागवणारी ती मुलगी डोळ्यांसमोर ठेवून एखादी पकड घडवली जावी. वेगळी पकड जोडण्याची सोय ठेवली तरी पुरे.

एक लहान वाटणारी गोष्ट घड्याळाची आहे. मोठ्या लग्नात तीन-चार जण टिपत असतात, सगळ्यांच्या फाइली रात्री एकत्र केल्या जातात आणि वेळेच्या क्रमाने लावल्या जातात. कॅमेऱ्यांची घड्याळे महिन्याकाठी काही सेकंद पुढे-मागे होतात, कोणाचे एक-दोन मिनिटांनी चुकलेले असते, आणि मग अल्बम करणाऱ्याच्या पडद्यावर मंगळसूत्र आधी आणि अक्षता नंतर येतात. काही महागड्या बॉडींत उपग्रहावरून वेळ घेण्याची सोय आहे, काहींत मोबाइलच्या ॲपमधून वेळ जुळते, पण ते ॲप प्रत्येक कंपनीचे निराळे आणि मनमानी. प्रत्येक खिशात अचूक वेळ सांगणारा मोबाइल असताना हजारो रुपयांचे यंत्र चुकीची वेळ घेऊन फिरते, हे बरोबर नाही. सर्व कंपन्यांनी मिळून वेळ जुळवण्याची एकच रीत ठरवावी.

फाइलमध्ये छायाचित्रकाराचे नाव कोरले जाते, त्याबद्दलही माझ्या मनात फार दिवसांपासून आहे. चित्रासोबतची माहिती ज्या एक्झिफ मानकाने साठवली जाते, त्यात नावाच्या रकान्यात केवळ रोमन अक्षरे धरली होती. २०२३ मध्ये त्या मानकाची ३.० ही आवृत्ती आली आणि जगातल्या सर्व लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८ संकेताला तिने जागा दिली. म्हणजे देवनागरीतले नाव चित्राच्या पोटात आता नियमाने राहू शकते. कॅमेऱ्याने फक्त ते लिहू द्यायला हवे. निकॉनच्या काही डीएसएलआरमध्ये मेनूसाठी मराठी भाषेचा पर्याय होता, हे अनेकांना ठाऊकही नसेल. वृत्तपत्रासाठी काम करणाऱ्या जिल्ह्याच्या गावच्या छायाचित्रकाराला ओळी मराठीतच लिहायच्या असतात. त्या कॅमेऱ्यातच, घटनास्थळीच लिहिता आल्या तर नाव-गाव चुकण्याची शक्यता किती कमी होईल.

दुरुस्तीचा विषय मात्र माझ्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा आहे.

पुण्याच्या पेठांत कॅमेरे दुरुस्त करणारी काही माणसे अजून आहेत. एका लाकडी टेबलावर भिंग, चिमटे, सोल्डरिंगची लेखणी आणि बाटलीच्या झाकणात वेगळे काढून ठेवलेले स्क्रू. फिल्मच्या जमान्यातले शटर ज्यांनी हाताने बसवले त्यांना आजची बॉडी उघडण्याची भीती वाटत नाही. माझ्या एका झूम लेन्सचा फोकस अडू लागला म्हणून मी अशाच एका काकांकडे गेले. त्यांनी ती कानाजवळ धरून हळूच फिरवली आणि दोष कुठे आहे ते न उघडता सांगितले. आतली फ्लेक्स, म्हणजे तारांची ती लवचिक पट्टी, वाकून वाकून झिजली होती. “काम माझ्या हातचं आहे, ताई. तासाभराचं. फ्लेक्स तेवढी कुठून आणू, ते सांगा,” असे ते म्हणाले. कंपनी सुटा भाग बाहेर विकत नव्हती. अधिकृत केंद्राकडे लेन्स पाठवली तर अख्खा आतला संच बदलावा लागेल असे कळवले गेले, खर्च लेन्सच्या निम्म्या किमतीच्या जवळ गेला, आणि हंगाम सुरू असताना काही आठवडे लेन्सशिवाय काढावे लागले ते निराळेच. त्या काकांच्या बोटांत जे ज्ञान आहे ते एका पट्टीअभावी वाया जाते, याचे मला वाईट वाटत राहते.

कॅमेरा बनवणाऱ्यांचीही बाजू आहे आणि ती मी जाणते. २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. मोबाइलने तो बाजार गिळला, आणि आज वर्षाला एक कोटीचाही पल्ला गाठला जात नाही. इतक्या थोड्या विक्रीवर नवे संशोधन करायचे, तर प्रत्येक बॉडी महाग विकावी लागते. पण हेच खरे असेल, तर उरलेल्या गिऱ्हाइकांत काम करणाऱ्यांचा वाटा वाढलेला आहे, आणि महाग वस्तू घेणाऱ्याला ती दीर्घकाळ चालेल याची हमी मिळायला हवी. या व्यवसायात तसा वारसा आहे. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे बॉडीला लेन्स जोडण्याची खाच, १९५९ मध्ये आला आणि साठ वर्षे त्यावर नव्या बॉडी निघत राहिल्या. कॅननचा ईएफ १९८७ चा. वडिलांनी घेतलेली लेन्स मुलीने वापरावी असे पुण्यातल्या कित्येक स्टुडिओंत घडले. २०१८ मध्ये दोघांनीही माउंट बदलले. तांत्रिक कारणे पटण्यासारखी आहेत, अडॉप्टरही दिले गेले, पण बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्स त्या अडॉप्टरवर आपोआप फोकस करत नाहीत. त्या चांगल्या काचा आज कपाटांत पडून आहेत.

कायद्याचे वारे मात्र अनुकूल आहेत. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि पुढे त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे आहेत. त्या यादीत कॅमेऱ्याचे नाव ठळकपणे यायला हवे असे मला वाटते, कारण हे माझ्यासारख्या हजारो माणसांचे अवजार आहे, जसा शेतकऱ्याचा पंप. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने १०० डॉलर वा त्याहून महाग इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सुटे भाग, अवजारे आणि दुरुस्तीची माहिती सात वर्षे देण्याचे बंधन घातले आहे. एका राज्यासाठी जे भाग साठवून ठेवायचेच आहेत ते इथेही पाठवता येतील.

म्हणून पुढच्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर मला मेगापिक्सेलच्या शेजारी आणखी एक आकडा छापलेला हवा आहे: या मॉडेलचे सुटे भाग कोणत्या सालापर्यंत मिळतील ते साल. आणि त्या भागांची किंमत लावलेली यादी अधिकृत केंद्राच्या काउंटरवर जशी असेल तशीच पेठेतल्या त्या टेबलावरही असावी, म्हणजे काकांना फ्लेक्स मागवता येईल आणि मला ती लेन्स पुढच्या लग्नाच्या आत परत मिळेल.